बर्फावरच्या पाट्या

हाप्सालूच्या खाडीवर फेब्रुवारीत
रस्ता उघडतो. समुद्रावरच.
तोंडाशी तीन पाट्या:
सीटबेल्ट काढा.
पंचविसाच्या आत चालवा, नाहीतर चाळिसाच्या वर. मधे नको.
थांबू नका.
एंडेलने रंगवल्या त्या, सव्वीस हिवाळे,
आणि तिथे कधी कुणी वाद घातला नाही,
कारण वाद घालायला थांबावं लागतं.

त्याची मुलगी विर्वे वेगळ्या पाट्या लिहिते.
तिच्या वाचणाऱ्याला डोळे नाहीत, घाई मात्र आहे.
तो ब्राउझर उघडतो, पानं चाळतो,
माणसांच्या वतीने बटणं दाबतो,
आणि आपल्या हाती कुठली अवजारं आहेत
हे त्याला विर्वेच्या ओळींतूनच कळतं.

'टिचकी: बटणावर टिचकी मारते.'
एवढंच लिहिलं होतं तिने पानगळीत.
तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

मंगळवारी हेल्वेआजींसाठी त्याने बोटीचं तिकीट काढलं,
बेटावर बहिणीकडे, जाऊन-येऊन.
'नक्की करा' दाबलं. पान हललं नाही.
पुन्हा दाबलं. हललं नाही.
पुन्हा.
मारल्यावर वाट बघायची असते
हे कुठे लिहिलं होतं?
अकरा तिकिटं.
आजी फोनवर रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
"अगं, एवढ्या खुर्च्यांवर मी एकटी कशी बसू?"
ते विर्वेला जास्त लागलं.

सांगकाम्याला हसणं सोपं.
सांगणारा तेव्हा घरी जेवत असतो.

रात्री ती बापाच्या शेडमध्ये गेली.
टर्पेंटाइनचा वास, दोरीला टांगलेले ब्रश,
भिंतीला टेकलेली एक जुनी पाटी,
तिच्यावर एकच शब्द: सावकाश.
"ही का काढलीस?"
"सावकाश म्हणजे किती?" एंडेल म्हणाला.
"एक जण तिसाच्या वेगाने गेला. त्याच्या मते सावकाशच.
पण बर्फाखालून लाट धावते गाडीबरोबर,
तिशीला ती नेमकी गाठते."
पुढचं त्याने सांगितलं नाही. ब्रश पुसत राहिला.
मग बऱ्याच वेळाने,
"बेल्ट काढा म्हटलं तर काढत नव्हते लोक.
खाली बारीक अक्षरांत लिहिलं,
बर्फ फुटला तर बाहेर पडता यावं म्हणून.
मग काढायला लागले.
आणि बर्फ सुटायच्या आत पाटी उचलायची.
रस्ता नाही आणि पाटी आहे, ते सगळ्यात वाईट."

पहाटेपर्यंत त्या एका ओळीच्या नऊ झाल्या.
तिच्या भाषेत भविष्यकाळ नाही.
'पान बदलेल' असं तिला म्हणताच येत नाही,
म्हणून ती लिहिते:
'टिचकी एकदाच. पान बदलतं, पण लगेच नाही.
नाही बदललं तर दुसरी टिचकी हा उपाय नव्हे,
आधी पान पुन्हा वाच.
पैसे जातात अशा बटणाआधी माणसाला विचार,
कारण गेलेले पैसे हे अवजार परत आणत नाही.
करड्या बटणाला हात लावू नको, ते झोपलेलं आहे.'
मग 'झोपलेलं आहे' खोडलं.
'ते काहीच करत नाही' लिहिलं.
उपमेला बर्फावर वजन पेलत नाही.

(मी मात्र ते झोपलेलं बटण ठेवून घेते.
इथे कुणी बुडत नाही.)

गुरुवारी हेल्वेआजींचं तिकीट पुन्हा.
तो शेवटच्या बटणापर्यंत गेला
आणि थांबला.
पडद्यावर काही हलेना. विर्वेचा चहा निवला.
मग त्याने विचारलं,
"पैसे भरण्याआधी एक. कुत्र्याचं तिकीट हवं का?"

पानाच्या तळाशी एक चौकोन होता,
इतका बारीक, की कुणी वाचलाच नव्हता.
विर्वेनेही नाही.
आजी फोनवर गप्प झाल्या.
दहा वर्षं तो कुत्रा
बेटावर फुकट जातोय.